पॉज बटणाचं माहात्म्य

हल्ली व्हिडिओ गेम्समध्ये 'कोझी गेम्स' नावाची एक नवी जात निघाली आहे. कोझी म्हणजे उबदार, निवांत, रजईत शिरल्यासारखं. यात कोणी कोणाला गोळ्या घालत नाही, मागे मंद पियानो वाजत असतो आणि तुम्ही शेती करता, मासे धरता, नाहीतर घर सजवता. शिफारसही ठरलेली: दिवसभराच्या कामाने शिणलेल्या, वेळ नसलेल्या आईबापांसाठी एकदम उत्तम! दोन लहान मुलांचा बाप आणि पोटापाण्यासाठी एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहिणारा इंजिनीयर, या दोन्ही नात्यांनी या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजतो. आणि माझं म्हणणं असं की निवांतपणा मोजायची ही पट्टीच भलती आहे. दमलेल्या आईबापांना मंद पियानोपेक्षा पॉज बटण शंभरपट महत्त्वाचं असतं.

पटत नाही? जरा विस्ताराने सांगतो.

'मला वेळ नाही' असं आईबाप म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा 'मला सलग वेळ नाही' असं म्हणायचं असतं. आमच्या मिशिगनमधली हिवाळ्यातली संध्याकाळ घ्या. पाच-सव्वापाचला अंधार पडलेला. डेकेअर सहाला बंद होतं आणि उशीर झाला तर मिनिटाच्या हिशेबाने दंड. (पुण्यातल्या रिक्षाचं मीटरसुद्धा इतकं निर्दय नसतं.) घरी आलं की पोरांना त्या अंतराळवीरांच्या पोशाखातून बाहेर काढायचं, म्हणजे जाकीट, स्नोपँट, बूट, दोन मोजे आणि एक हातमोजा, कारण दुसरा गाडीत राहिलेला असतो. मग वरणभात, आंघोळ, एक गोष्ट, आणखी एक गोष्ट, पाणी, शू, परत पाणी. रात्री साडेआठला भारतात सकाळचे सात वाजलेले असतात, तेव्हा आईबाबांना फोन. मग भांडी, उद्याचे डबे. सव्वानऊ ते दहा ही पाऊण तासाची चिंधी काय ती आपली. सकाळी सातला पुण्याच्या टीमबरोबर कॉल असतो, तेव्हा दहाच्या पुढे जागण्यात अर्थ नाही.

बरं, ही चिंधीही अखंड नसते. नऊ वीसला धाकटा उठून रडतो. त्याला थोपटून खाली येतो न येतो तोच नऊ अठ्ठावीसला थोरलीला स्वप्न पडतं. पुण्याच्या घरात असतो तर जो जवळ असेल तो उठला असता, आजी, काका, नाहीतर नुसती 'ए, झोप रे' अशी भिंतीपलीकडून आरोळी. इथे घरात मोठी माणसं मोजून दोन. त्यातलं एक खाली डबे भरत असतं. म्हणजे पाळी कुणाची, हा प्रश्नसुद्धा उरत नाही.

आमच्या धंद्यात याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर आपलं काम करत असतो, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारतं. मग तो हातातलं काम आहे तिथे ठेवतो, कुठे होतो याची नोंद करतो, हाक मारणाऱ्याकडे बघून येतो आणि नोंद वाचून पुन्हा तिथूनच सुरू करतो. फालतू हाका काही वेळ दाबून ठेवता येतात. पण एक जात अशी असते की ती दाबताच येत नाही, तिला म्हणतात नॉन-मास्केबल इंटरप्ट. मूल झाल्यावर मला त्या शब्दाचा खरा अर्थ कळला. तर अशा प्रोसेसरवर चालवायचं काम निवडताना आम्ही पहिला प्रश्न कुठला विचारतो? हे काम मध्येच तोडलं तर काय बिघडेल? खेळ निवडतानाही मी तोच प्रश्न विचारतो. रंग, संगीत, गोष्ट, सगळं नंतर.

या प्रश्नावर भलेभले खेळ नापास होतात. पबजीचंच घ्या (२०१७ चा खेळ, भारतात २०२० मध्ये बंदी आली, मग २०२१ मध्ये नाव बदलून परतला). शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी एकच उरतो. चांगला टिकलात तर अर्धा तास लागतो. त्यात पॉज नाही, असणारच नाही, कारण तुमचं पोर रडलं म्हणून बाकीचे नव्याण्णव जण का थांबतील? डार्क सोल्ससारखे (२०११) काही खेळ तर एकट्याने खेळत असतानाही पॉज देत नाहीत. मेनू उघडून बसलात तरी राक्षस येऊन तुम्हाला कापून जातो. त्या खेळाचे भक्त यालाच त्याची थोरवी मानतात. मानोत बापडे. माझ्या घरात दोन राक्षस आधीच आहेत.

आता खरी गंमत. हे झाले मारामारीचे खेळ, ते निवांत नाहीत हे उघडच आहे. पण कोझी म्हणवणाऱ्या खेळांतही हा प्रश्न विचारून बघा, चित्र बदलतं.

स्टारड्यू व्हॅली हा या जातीचा राजा. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणाने जवळजवळ साडेचार वर्षं एकट्याने खपून तो बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रॅमिंगही त्याचं. २०१६ साली आला आणि २०२४ संपेपर्यंत चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. शहरातल्या नोकरीला कंटाळलेला माणूस आजोबांनी ठेवलेल्या शेतावर जाऊन राहतो, अशी कथा. (क्यूबिकलमध्ये बसणाऱ्या आणि कोकणात चार गुंठे घ्यायची स्वप्नं बघणाऱ्या मराठी इंजिनीयरला हा खेळ का आवडतो, हे वेगळं सांगायला नको.) पण या खेळात घड्याळ आहे. दिवस सकाळी सहाला सुरू होतो, रात्री दोनला तुम्ही जिथे असाल तिथे कोसळता. खेळातली दहा मिनिटं म्हणजे खरे सात सेकंद. वीस तासांची दहा-दहा मिनिटं झाली एकशेवीस, गुणिले सात, म्हणजे आठशेचाळीस सेकंद. बरोब्बर चौदा मिनिटं. आणि संगणकावर खेळलात तर खेळ सेव्ह होतो तो फक्त रात्री झोपल्यावर!

म्हणजे कागदावर हा खेळ आमच्या परीक्षेत काठावर पास. मेनू उघडला की घड्याळ थांबतं, ही त्याची पुण्याई. पण नवराबायकोने मिळून खेळावं म्हटलं तर पंचाईत. २०१८ पासून दोघांनी एकाच शेतावर राबायची सोय झाली आहे, पण तेव्हा एकाने मेनू उघडला तरी घड्याळ पुढे चालूच राहतं. एकजण पाळण्याकडे धावला की दुसऱ्याने दोघांच्या गायी बघायच्या. खेळात खऱ्या संसाराचं इतकं हुबेहूब चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

या सगळ्यावर खरा उतारा खेळ बनवणाऱ्यांनी शोधला नाही, तो शोधला यंत्र बनवणाऱ्यांनी. निन्टेन्डोचं स्विच २०१७ मध्ये आलं. त्याचं एक बटण दाबलं की खेळ आहे त्या क्षणी गोठतो. हवेत उडी मारलेला माणूस हवेतच. तीन तासांनी, तीन दिवसांनी परत दाबा, माणूस तिथेच हवेत. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकवरही तीच सोय. यात तंत्रज्ञान म्हणून फार मोठं काही नाही, आपण लॅपटॉपचं झाकण मिटतो तसंच. पण संसारी माणसांसाठी गेल्या वीस वर्षांत खेळांच्या दुनियेत याच्याइतकी कामाची दुसरी सुधारणा झाली नाही, असं माझं ठाम मत आहे. खेळाने दिला नाही तरी पॉज आता यंत्र देतं. (ऑनलाइन खेळांना अर्थात हा मंत्र लागू पडत नाही.)

पण मध्येच थांबता येणं हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा असा की, तुम्ही गेल्यावर खेळ गप्प बसतो का?

फार्मव्हिल आठवतंय? २००९-१० च्या सुमारास फेसबुकवर अर्धी दुनिया वांगी-टोमॅटो पिकवत होती. मूळ खेळ २०२० च्या ३१ डिसेंबरला बंद झाला. त्यात पीक तयार व्हायला ठरावीक तास लागत आणि तुम्ही वेळेवर कापणीला आला नाहीत तर ते वाळून जाई. रात्री अकराला गजर लावून स्ट्रॉबेऱ्या काढायला उठलेली माणसं माझ्या माहितीत आहेत, त्यांतल्या एकीला तेव्हा तीन महिन्यांचं बाळ होतं. म्हणे, दूध पाजायला उठतेच, तर शेतही बघून घेते! कँडी क्रशमध्ये (२०१२) दुसरी तऱ्हा. पाच जीव, एक गेला की अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे मोजा. एकात तुम्ही आला नाहीत म्हणून शिक्षा, दुसऱ्यात तुम्हाला हवं तेव्हा दारं बंद. दोन्हीकडे वेळापत्रक त्यांचं. ज्याच्या दिवसाचं वेळापत्रक डेकेअर, ऑफिस आणि दीड वर्षाचा एक हुकूमशहा मिळून ठरवतात, त्याने विरंगुळ्याच्या नावाखाली चौथा मालक कशाला करून घ्यायचा?

याच बाबतीत माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं असा एक खेळ म्हणजे अ‍ॅनिमल क्रॉसिंग. त्याची नवी आवृत्ती, न्यू होरायझन्स, २० मार्च २०२० ला आली, म्हणजे सगळं जग घरात कोंडलं जात होतं नेमकी तेव्हा, आणि तुफान चालली. एक बेट, त्यावर बोलणारी जनावरं, आणि खेळातलं घड्याळ तुमच्या खऱ्या घड्याळाबरोबर चालणारं. तुमच्याकडे रात्र तर बेटावर रात्र, तुमच्याकडे डिसेंबर तर तिकडे बर्फ. आमच्या कसोटीवर हा खेळ सपशेल आपटायला हवा. महिनाभर गेला नाहीत तर गवत माजतं, घरात झुरळं होतात, आणि शेजारची बकरी विचारते, इतके दिवस होतास कुठे? रविवारी घेतलेले सलगम पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर सडतात. आईच्या फोनवरचे 'काय रे, आठवण येते का?' कमी होतं म्हणून आता बकरीचंही ऐकायचं!

पण या खेळाच्या जन्माची हकिकत कळल्यापासून मी जरा मवाळ झालो आहे. तो ज्याच्या डोक्यातून निघाला ते कात्सुया एगुची निन्टेन्डोत नोकरी लागली म्हणून चिबा सोडून क्योटोला आले. घरचे, मित्र, सगळे मागे राहिले. आपली माणसं जवळ असणं म्हणजे काय, हे त्यांना तेव्हा कळलं, असं त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. पुढे संसार झाला, पण कामामुळे रोज घरी यायला उशीर. तोवर घरच्यांचं खेळून झालेलं असे. तेव्हा त्यांना वाटलं, वेगवेगळ्या वेळी खेळूनही एकत्र खेळल्यासारखं वाटेल असं काही करता येईल का? त्यातून २००१ मध्ये जपानात या खेळाची पहिली आवृत्ती आली. गाव एकच, पण घरातले चौघं आपापल्या सवडीने तिथे जाणार. मुलीने दुपारी झाडाखाली काही ठेवलं, पत्र लिहिलं, तर बापाला ते रात्री अकराला सापडणार. वेळ खरी राहावी म्हणून खेळाच्या कार्ट्रिजमध्येच एक घड्याळ बसवलेलं होतं.

परदेशात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपण तरी दुसरं काय करतो? मी रात्री झोपताना आईला व्हॉट्सअ‍ॅपवर धाकट्याचा व्हिडिओ टाकून ठेवतो, ती तो तिच्या सकाळी चहाबरोबर बघते आणि दोन मिनिटांचा आवाज पाठवते, तो मी उठल्यावर दात घासताना ऐकतो. साडेदहा तासांच्या फरकात (उन्हाळ्यात साडेनऊ) एकाच वेळी दोघांनी जागं असण्याच्या खिडक्या फार अरुंद असतात. उरलेलं सगळं नातं झाडाखाली ठेवलेल्या वस्तूंवर चालतं. तेव्हा त्या बकरीच्या 'होतास कुठे?' मध्ये एका उशिरा घरी येणाऱ्या बापाचा हात आहे, हे माहीत झाल्यावर तिच्यावर रागावणं जड जातं. आमच्या थोरलीचं आणि माझं बेट एकच आहे. ती शनिवारी सकाळी खेळते, मी कधीतरी रात्री. तिने माझ्या दाराशी एकदा अकरा शिंपले मांडून ठेवले होते. याला विश्रांती म्हणता येणार नाही, पण तो खेळ मी पुसून टाकलेला नाही.

असो. विषयांतर झालं.

'मग मुलांबरोबरच खेळा की, दोन्ही साधेल' असं सांगणारे हितचिंतक असतात. त्यांना मुलं नसतात, किंवा मोठी होऊन कॉलेजात गेलेली असतात. चार वर्षांच्या मुलीबरोबर मारिओ कार्ट खेळणं आनंदाचं आहे, पण ते काम आहे. तिला जिंकू द्यायचं, आणि जिंकू देतोय हे कळूही द्यायचं नाही. 'त्यापेक्षा लवकर झोपा' असंही सांगतात. हा सल्ला बरोबर आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त इतकंच की दिवसभरात एक तरी गोष्ट कुणी सांगितली नसताना केली, एवढं वाटल्याशिवाय झोप लागत नाही. आणि टीव्ही? टीव्ही बघताना उद्याचा रिव्ह्यू डोक्यात चालूच राहतो. हात आणि डोळे दोन्ही गुंतले की तो गप्प होतो, हा माझा अनुभव.

या अनुभवाच्या जवळपास जाणारं एक संशोधनही झालं आहे. पॉवरवॉश सिम्युलेटर नावाचा एक ब्रिटिश खेळ आहे (२०२२). त्यात तुम्ही जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने मळकी गाडी, अंगण, घसरगुंडी धुता. बस्स, इतकंच. घरातलं सिंक भांड्यांनी भरलेलं असताना माणसं सोफ्यावर बसून काल्पनिक अंगण का धुतात, हा प्रश्न आमच्या घरीही विचारला गेला आहे. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी या खेळात मध्येमध्ये 'आत्ता कसं वाटतंय?' असा प्रश्न येईल अशी आवृत्ती काढून ३९ देशांतल्या आठ हजारांहून अधिक खेळाडूंची उत्तरं गोळा केली. खेळताना मूड थोडा सुधारतो, असं दिसलं. थोडाच हं, चमत्कार नव्हे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट फार आवडली: ही सुधारणा बहुतेक पहिल्या पंधरा मिनिटांतच होऊन जाते. म्हणजे तीन तास मिळत नाहीत म्हणून झुरण्यात काही अर्थ नाही, जे मिळायचं ते पहिल्या पाव तासात मिळतं. आणि काल्पनिक अंगण धुऊन झालं की स्वच्छ राहतं. त्यावर कोणी वरणभात सांडत नाही.

मला विचाराल तर या सगळ्यांत आदर्श म्हणावेत असे खेळ आणखी साधे आहेत. डॉर्फरोमांटिक (२०२२): बर्लिनमध्ये शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी बनवलेला, षटकोनी फरशा जोडून नदी, रान, गाव वाढवत न्यायचं, घड्याळच नाही. मिनी मेट्रोत (२०१५) घड्याळ आहे, पण पॉज करूनही रेल्वेचे मार्ग आखता येतात, ही मोठी कृपा. त्यात मुंबईचाही नकाशा आहे. मात्र स्टेशनवर गर्दी साचत चाललेली बघणं याला निवांत म्हणायचं की नाही, ते ज्याने सकाळी ठाण्याला गाडी पकडली आहे त्यानेच ठरवावं. आणि सगळ्यांत जुना, विंडोजमधला पत्त्यांचा सॉलिटेअर, १९९० पासूनचा. अर्ध्यावर टाकून जा, पत्ते तिथेच वाट बघत राहतात.

किंवा विणकाम. हसू नका. आईच्या पिढीतल्या बायका स्वेटर विणत, त्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. दूध उतू जायला आलं की सुया खाली, दारात पोस्टमन आला की सुया खाली, पोर पडलं की सुया खाली. परत आल्यावर टाके मोजले की पुढे चालू. सेव्ह करायची गरज नाही, ओळ जिथे थांबली तिथेच नोंद. इंटरप्टच्या दृष्टीने इतकं चोख रचलेलं दुसरं काम मी पाहिलेलं नाही. वडिलांचा विरंगुळा मात्र निराळा असे. रविवारी दुपारी पत्त्यांचा डाव बसे, चौघं जमत, दार ओढून घेत, आणि 'मुलांनो, आत यायचं नाही' अशी ताकीद असे. तो डाव मध्ये तोडता येत नसे. त्याला पॉज नव्हता. पॉज घराने द्यायचा होता, आणि चहाही.

इथे खेळांचा विषय संपून दुसराच सुरू होतो, आणि मला वाटतं खरा मुद्दा तोच आहे. अमेरिकेचं श्रम-सांख्यिकी खातं २००३ पासून दरवर्षी लोक चोवीस तास कशात घालवतात याची पाहणी करतं. त्यात एक गोष्ट वर्षानुवर्षं हललेली नाही: पुरुषांचा फुरसतीचा वेळ बायकांपेक्षा रोज सरासरी अर्ध्या तासाहून जास्त भरतो. म्हणजे आमच्या त्या चिंधीचा बराचसा भागच. आणि ही झाली नुसती लांबी. कोणाचा वेळ सलग आणि कोणाचा तुकड्यांत, हे त्या एका आकड्यात दिसत नाही. ओळखीतले एक गृहस्थ रात्री कानाला हेडफोन लावून दोन तास ऑनलाइन खेळतात आणि 'मी तर घरातच असतो, कुठे क्लबात जातो?' असं वर म्हणतात. त्या हेडफोनमधून मुलाचं रडणं ऐकू येत नाही, म्हणजे ते दुसऱ्या कुणाला तरी ऐकू येतंच येतं. त्यांची बायकोही खेळते बरं का. फोनवर, आवाज बंद करून, पोराला मांडीवर थोपटत, पाच-पाच मिनिटं. दोघंही 'गेम खेळतात', आणि हिशेबाच्या वहीत दोघांच्या नावावर विरंगुळाच लिहिला जाईल.

म्हणून पॉज बटणाचं मी जे कौतुक केलं त्याला एक पुरवणी जोडतो. कधीही थांबवता येणारा खेळ हा ड्यूटीवर असलेल्या माणसाचा खेळ आहे. तो चांगलाच आहे, पण आयुष्यभर घरातल्या एकाच माणसाने तोच खेळायचा आणि दुसऱ्याने दार ओढून पत्ते कुटायचे, हे मला पटत नाही. न थांबणारा खेळ खेळायला माझी हरकत नाही. पण मग तो वेळ घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडून रीतसर मागून घ्यावा, तारीख-वार ठरवून, आणि तितकाच परत करावा. इथे आजी नाही, काका नाहीत. माझा सलग अर्धा तास दुसऱ्या कुणाच्या खिशातून येतच नाही, तो बायकोच्याच खिशातून येतो.

आमच्याकडे सध्या मंगळवार-गुरुवार माझे, सोमवार-बुधवार तिचे. ज्याचा दिवस नाही त्याने बेबी मॉनिटर आपल्या उशाशी ठेवायचा आणि हाक आली तर न सांगता उठायचं. शुक्रवारी सहसा दोघंही नऊ वाजता सोफ्यावरच पेंगत असतो, तेव्हा तो वार कोणाच्याच नावावर नाही. माझ्या दिवशी मी शेतावर जातो. चौदा त्रिक बेचाळीस, म्हणजे पाऊण तासात तीन दिवस बसतात, आणि शेवटी झोपून सेव्ह करायला तीन मिनिटं उरतात. तिच्या दिवशी ती वरच्या खोलीचं दार लावून घेते. आत काय करते ते मला माहीत नाही. विचारायचं नाही, हे करारात पहिल्याच ओळीत लिहून घेतलंय तिने.